लस एक, देहाच्या आठवणी अनेक

एप्रिल २०२१ च्या पूर्वार्धात सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत कोरोनाप्रतिबंधक लसीकरण थांबवावे लागले. कारण एकच होते: लसीचा साठा संपला होता. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली होती, दुसरी लाट चढणीला लागली होती आणि ज्यांनी आजवर लसीकडे संशयाने पाहिले होते तेही आता भल्या पहाटे आरोग्य केंद्रापुढे रांग धरू लागले होते. पुढे मे महिन्यात १८ ते ४४ या वयोगटाचे लसीकरण राज्य शासनाने तात्पुरते स्थगित केले, आणि हाती असलेल्या कुप्या वडीलधाऱ्यांच्या दुसऱ्या मात्रेसाठी राखून ठेवल्या.

त्या रांगेत उभे असलेले सारे लोक शासनाच्या लेखी सारखेच होते. वय पाहिले जात होते, व्यवसाय पाहिला जात होता, मधुमेह वा रक्तदाब यांसारख्या सहव्याधींचा विचार होत होता. परंतु एक प्रश्न मुख्य नोंदवहीत कोठेच नव्हता: या माणसाच्या शरीराची आणि या विषाणूची गाठ आधी पडली आहे काय? वस्तुतः लसीचा परिणाम काय होणार, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. ज्या मोसमात एकेका कुपीला मोल होते, त्या मोसमात हा प्रश्न विचारला न जाणे ही किरकोळ त्रुटी म्हणता येणार नाही. साथ ओसरल्यावर या गोष्टीचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. कारण लस ही काही कोरोनापुरतीच राहणार नाही.

देहाची स्मरणवही

शरीर पूर्वीचा शत्रू ओळखते, ही गोष्ट नवी नाही. देवीची लस दुसऱ्यांदा टोचली की दंडावरची प्रतिक्रिया पहिल्या खेपेपेक्षा लवकर उमटते, हे व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच बारकाईने टिपले होते. लस तीच, टोचणारा हात तोच. पण शरीर मात्र तेच राहिलेले नसते. मधल्या काळात ते काहीतरी शिकलेले असते. या बदललेल्या प्रतिसादासाठीच पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. आज तो निराळ्या अर्थाने घरोघरी वापरला जातो.

हे शिकणे घडते कसे? विषाणू प्रथमच शरीरात शिरतो तेव्हा त्याच्याशी नेमक्या जुळणाऱ्या पेशी रक्तात फार थोड्या असतात. त्यांची निवड व्हावी, त्यांची संख्या वाढावी, त्यांनी प्रतिपिंडे तयार करावीत, यांत एक-दोन आठवडे जातात. धोका असतो तो याच अवधीत. संसर्ग ओसरल्यावर या सैन्यातील बहुतेक पेशी मरतात, पण सगळ्या नव्हे. काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात, तर काही अस्थिमज्जेत ठाण मांडून थोडी थोडी प्रतिपिंडे तयार करीत राहतात. तोच शत्रू पुन्हा आला की या स्मृतिपेशी काही दिवसांतच कामाला लागतात. एवढेच नव्हे, तर मधल्या महिन्यांत त्यांची पारखही अधिक धारदार झालेली असते.

लस म्हणजे या शत्रूचे निरुपद्रवी चित्र. ज्याने शत्रूला कधी पाहिलेलेच नाही, त्याला पहिली मात्रा ओळख करून देते आणि दुसरी ती ओळख पक्की करते. पण जो आजारातून उठला आहे, त्याच्या बाबतीत ओळख करून देण्याचे काम आधीच झालेले असते. त्याची पहिली मात्रा ही खऱ्या अर्थाने दुसरी ठरते.

हा केवळ तर्क नव्हे. न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ च्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात, पूर्वी संसर्ग झालेल्यांच्या रक्तात पहिल्या मात्रेनंतरची प्रतिपिंडे संसर्ग न झालेल्यांपेक्षा दहा ते पंचेचाळीस पटींनी अधिक आढळली. ती लस परदेशी बनावटीची होती. परंतु भारतातही त्याच वर्षी हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाने २६० आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, आणि पूर्वी बाधित झालेल्यांत एका मात्रेचा प्रतिसाद अधिक जोमदार असल्याचे आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील पथकाने कोव्हॅक्सिनबाबत असेच पाहिले: संसर्ग होऊन गेलेल्यांना एका मात्रेने जे मिळाले, ते संसर्ग न झालेल्यांना दोन मात्रांनी मिळालेल्याच्या तोडीचे होते.

एका खोऱ्यातले निरनिराळे देह

आता ही प्रयोगशाळेतील गोष्ट कृष्णेच्या खोऱ्यात आणून पाहावी. सातारा आणि सांगली हे एकेकाळचे एकच घर. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नदी एक, ऊस एक, सोयरीक एक. तरीही २०२१ मध्ये येथील माणसांच्या रक्ताचा इतिहास मात्र एक नव्हता.

सांगली जिल्ह्याला या साथीची चाहूल अगदी लवकर लागली. २३ मार्च २०२० रोजी तेव्हाच्या इस्लामपूर शहरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले, आणि थोड्याच दिवसांत ही संख्या पंचविशीत गेली. शहर सीलबंद झाले, संपर्कातील माणसे शोधून वेगळी ठेवली गेली आणि ती साखळी तेथेच तुटली. त्या यशाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण त्याचा एक अर्थ असाही होता की जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे या विषाणूला अद्याप अनोळखी राहिली होती.

याचा पुरावाही लवकरच मिळाला. संशोधन परिषदेने २०२० च्या मे-जूनमध्ये देशातील ७० जिल्ह्यांत रक्तपाहणी केली. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे वा प्रभाग निवडून सुमारे चारशे प्रौढांचे नमुने घेतले गेले. महाराष्ट्रातून बीड, नांदेड, परभणी, जळगाव, तेव्हाचे अहमदनगर आणि सांगली असे सहा जिल्हे त्यात होते. या सहांत मिळून प्रतिपिंडे आढळली ती शंभरांत एखाद्याच माणसात. देशाचा आकडा ०.७३ टक्के होता.

याउलट त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतील तीन प्रभागांत जी पाहणी झाली, तिच्यात झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. मुंबई आणि सातारा यांचे नाते ठाऊक असणाऱ्यास या आकड्याचे मर्म सांगावे लागणार नाही. पाटण, जावळी, माण, खटाव या तालुक्यांतील घराघरांतून कुणी ना कुणी माथाडी म्हणून, गिरणीत, गोदीत वा गाडीवर मुंबईत राबत आला आहे. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर तर देशाच्या कानाकोपऱ्यातील सराफ पेठांत पसरलेले. २०२० च्या उन्हाळ्यात ही माणसे गावाकडे परतली. समजा, पाटण तालुक्यातील एकाच घरातील दोन भाऊ पुढच्या वर्षी लसीच्या रांगेत उभे राहिले. एक मुंबईच्या दाटीत आजाराचा अनुभव घेऊन आलेला, दुसरा डोंगरउतारावरची शेती सोडून कधी कोठे न गेलेला. दोघांचे वय पन्नाशीचे, दोघांना मात्रा तीच. पण पहिल्याच्या देहात ती जुनी ओळख जागी करणार होती, आणि दुसऱ्याच्या देहात अक्षर पहिल्यांदाच गिरवले जाणार होते. साठा संपल्यामुळे ज्याला परत जावे लागले तो या दोघांपैकी कोण, याला म्हणूनच महत्त्व होते.

काळाबरोबर हे चित्रही झपाट्याने बदलत गेले. राष्ट्रीय पाहणीची तिसरी फेरी डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये झाली, तेव्हा देशात सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश लोकांत प्रतिपिंडे होती. चौथ्या फेरीत, म्हणजे २०२१ च्या जून-जुलैमध्ये, हा आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. लस न घेतलेल्यांतही तो ६२ टक्क्यांच्या पुढे होता. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा मात्रा घेणाऱ्या पाच जणांपैकी चौघे बहुधा या रोगाला अपरिचित असतील. सहा महिन्यांनी तीच मात्रा घेणाऱ्या तिघांपैकी दोघे आधीच ओळख असलेले असण्याचा संभव होता. कुपीवरचे नाव तेच राहिले. तिचे कार्य मात्र बदलले.

आणि या सहा महिन्यांची किंमत या दोन जिल्ह्यांनी मोजली. राज्यातील बहुतेक भागांत दुसरी लाट ओसरली तरी येथे ती रेंगाळत राहिली. २ ऑगस्ट २०२१ रोजी शासनाने निर्बंध सैल केले, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांना ती सवलत मिळाली नाही त्यांत सातारा आणि सांगली ही दोन्ही नावे होती. लाट लांबण्याची कारणे अनेक असतात. परंतु जेथे पूर्वीचा संसर्ग कमी, तेथे नव्या लाटेला इंधन अधिक, हे साथशास्त्राचे अगदी साधे तत्त्व आहे.

वाटपाचा प्रश्न

मग काय करता आले असते? फ्रान्समधील आरोग्यविषयक सर्वोच्च सल्लागार संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्येच अशी शिफारस केली होती की, ज्यांना संसर्ग होऊन गेला आहे त्यांना काही महिन्यांनी एकच मात्रा द्यावी. भारतात केंद्र सरकारने १९ मे २०२१ रोजी तज्ज्ञांचा सल्ला स्वीकारून असे जाहीर केले की, आजारातून बरे झालेल्यांनी तीन महिने थांबून लस घ्यावी. पूर्वीच्या संसर्गाने काही संरक्षण मिळते, याची ही अधिकृत मान्यताच होती. पण ती अर्धी राहिली. बरा झालेला माणूस तीन महिने थांबला, तरी पुढे त्याच्यासाठी दोन मात्रांचाच नियम कायम होता. आणि ज्याला आजार कधी झालाच नाही अशा वृद्धाला त्यामुळे रांगेत पुढची जागा मिळाली नाही.

या धोरणाच्या बाजूनेही बोलता येते, आणि ते बोलले पाहिजे. असंख्य लोकांना संसर्ग झाल्याचे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. प्रत्येकाचे रक्त तपासून मग लस द्यावी, एवढी साधने कोठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ नव्हती. सर्वांना एकच नियम असला की तो समजावून सांगणे सोपे जाते. अपवाद वाढले की गोंधळ आणि वशिलेबाजी या दोघांनाही वाट मिळते. शिवाय ‘आजार झाला तर एक टोचणी वाचते’ असा समज पसरला असता, तर त्याचे परिणाम भयंकर झाले असते. सौम्य आजारानंतरची प्रतिकारशक्ती सर्वांत सारखी नसते, हेही खरे.

हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. ज्यांचा अहवाल बाधित आला, त्यांची नावे शासनाकडे होती. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका आणि शिक्षक घरोघर फिरले होते. ताप मोजला होता, प्राणवायूची पातळी नोंदवली होती. ज्या कारकुनांनी आणि शिक्षकांनी ही कागदपत्रे भरली, त्यांना एवढेच विचारावेसे वाटले तर नवल नाही की, या नोंदींचा लसीच्या रांगेशी संबंध का जोडला गेला नाही? रक्त न तपासताही, टंचाईच्या दोन-तीन महिन्यांपुरते, ज्ञात रुग्णांची दुसरी मात्रा पुढे ढकलून ती अनोळखी वृद्धांच्या पहिल्या मात्रेसाठी वापरणे अशक्य कोटीतील नव्हते.

जुनी वाट

येथवर पूर्वस्मृती ही केवळ लाभाची ठेव वाटेल. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. कृष्णेचा पूर पाहिलेल्यांना ठाऊक आहे की, चढलेले पाणी पहिल्याने जुन्या ओढ्यांच्या वाटा धरते. नवी वाट ते सहसा पाडत नाही. प्रतिकारशक्तीचे तसेच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये इन्फ्लुएंझाच्या संदर्भात या स्वभावाला ‘प्रतिजनाचे आद्य पाप’ अशा अर्थाचे नाव दिले. बालपणी ज्या जातीच्या विषाणूशी पहिली गाठ पडली, तिचा ठसा जन्मभर टिकतो, आणि पुढे बदललेला विषाणू आला तरी शरीर आधी जुन्याच पेशींना हाक मारते.

कोरोनाच्या बाबतीत २०२२ नंतर हे प्रकर्षाने दिसले. ओमायक्रॉनसाठी सुधारलेल्या ज्या लसी आल्या, त्यांत मूळ वुहानी विषाणूचा अंशही होता. त्यांनी जागे केले ते मुख्यतः पूर्वीच्याच स्मृतिपेशींना. नव्या रूपासाठी नव्या पेशी अपेक्षेपेक्षा कमी घडल्या. म्हणूनच मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने मूळ विषाणू लसीतून वगळावा असा सल्ला दिला.

स्मृती कधी कधी वाहनालाच अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोव्हिशील्ड ही लस एका निरुपद्रवी ॲडिनो-विषाणूच्या पाठीवर बसून शरीरात जाते. हा विषाणू माणसाचा नव्हे, चिंपांझीचा निवडला गेला. कारण माणसांच्या ॲडिनो-विषाणूंशी आपली ओळख सर्दी-पडशातून आधीच झालेली असते आणि ओळखीच्या वाहनाला शरीर वेशीवरच थोपवू शकते. या लसीच्या परदेशांतील चाचण्यांत दोन मात्रांतील अंतर सहा आठवड्यांहून कमी असता परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, तर बारा आठवडे वा अधिक असता सुमारे ८१ टक्के भरली होती. स्मृतीला मुरायला वेळ लागतो, हे त्याचे एक कारण मानले जाते.

लस आणि पूर्वपरिचय यांचे हे नाते भारताला कोरोनापूर्वीच भेटले होते. १९६८ मध्ये मद्रासजवळच्या चिंगलपेट येथे क्षयाच्या बीसीजी लसीची प्रचंड चाचणी सुरू झाली, आणि मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून या लसीने तेथे संरक्षण दिले नाही असा निष्कर्ष हाती आला. इतर देशांत गुणकारी ठरलेली लस येथे का हरली, याच्या स्पष्टीकरणांपैकी एक असे की, माती-पाण्यातील क्षयजंतूंच्या भाऊबंदांशी येथील शरीरांचा परिचय आधीच झालेला असतो, त्यामुळे लसीला नव्याने शिकवण्यासारखे फारसे उरत नाही. फिलिपाइन्समध्ये २०१६-१७ साली डेंग्यूच्या लसीने तर उलटेच दाखवले. ज्या मुलांना आधी डेंग्यू होऊन गेला होता त्यांना तिचा लाभ झाला. ज्यांना झाला नव्हता, त्यांच्यात पुढे तीव्र आजाराचा धोका वाढल्याचे उघड झाले आणि आठ लाखांहून अधिक मुलांना लस दिल्यावर ती मोहीम थांबवावी लागली. एकीकडे पूर्वपरिचयाने लस निष्प्रभ झाली असावी, दुसरीकडे पूर्वपरिचय नसल्याने ती घातक ठरली. या दोन उदाहरणांनंतर ‘लस चांगली की वाईट’ हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो. लस कोणत्या शरीरासाठी, हेही विचारावे लागते.

नोंद ठेवणे हाच बोध

यातून कुणी असा निष्कर्ष काढू नये की, आजार अंगावर काढणे हीच उत्तम लस. पूर्वसंसर्गाचा हिशोब मांडताना त्या संसर्गातून जे उठलेच नाहीत, त्यांची नावे हिशोबात येत नाहीत, हे विसरता कामा नये. जगभरच्या अभ्यासांचे जे संकलन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार वर्षभरानंतर तीव्र आजारापासूनचे संरक्षण केवळ संसर्ग झालेल्यांत सुमारे ७५ टक्के होते, तर संसर्ग आणि लस दोन्ही झालेल्यांत ते सुमारे ९७ टक्के होते. म्हणजे आजारातून उठलेल्यालाही लसीने पुष्कळ दिले. प्रश्न लस द्यावी की नाही हा नव्हताच. टंचाईच्या दिवसांत ती कुणाला आधी आणि किती द्यावी, एवढाच होता.

त्याचे उत्तर देण्यासाठी लागते ती माहिती. सांगली राष्ट्रीय पाहणीत होती, म्हणून तिच्या रक्ताचा थोडा तरी हिशोब वेळोवेळी मांडला गेला. शेजारचा सातारा त्या ७० जिल्ह्यांच्या यादीत नव्हता. चारशे नमुने ही काही मोठी संख्या नव्हे. वर्षातून एक-दोनदा एवढी पाहणी प्रत्येक जिल्ह्याने करावी, आणि मिरज, सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी ते काम अंगावर घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. पावसाची नोंद तालुक्या-तालुक्यात ठेवणाऱ्या, धरणातील पाण्याची पातळी रोज मोजणाऱ्या या प्रदेशाला आपल्या माणसांच्या प्रतिकारशक्तीची पातळी ठाऊक असू नये, हे विसंगत आहे.

ही निकड गतकाळाची नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे भारतीय बनावटीच्या डेंग्यू-लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीला आरंभ झाला. अशी एखादी लस उद्या गावोगावच्या उपकेंद्रांत पोहोचली, तर फिलिपाइन्सचा धडा समोर असता, आधी डेंग्यू कुणाला होऊन गेला आहे हा प्रश्न टाळता येणार नाही. त्या वेळी पुन्हा रांग लागेल, पुन्हा कागद भरले जातील, आणि ते भरणारे बहुधा पुन्हा शिक्षक आणि आशा सेविकाच असतील. त्या कागदावर वय आणि व्यवसाय यांच्या जोडीला आणखी एक रकाना असावा: ‘पूर्वी हा आजार झाला होता काय?’ देहाने आपली नोंद केव्हाच करून ठेवलेली असते. ती वाचण्याची तसदी तेवढी शासनाने घ्यावयाची आहे.